दंडाची पावती आणि बंगल्याचे भाडे

वस्त्यांवर, तांड्यांवर, गावकुसाबाहेरच्या वाड्यांवर फिरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. घरात खरेदीखत नसते, सातबारा नसतो. पण पत्र्याच्या पेटीत, कॅरीबॅगमध्ये गुंडाळून ठेवलेल्या दंडाच्या पावत्या असतात. मराठवाड्यातल्या एका गावात एका आजीने अशा पावत्यांची चळतच आमच्यापुढे ठेवली. काही सासऱ्याच्या नावाच्या, काही नवऱ्याच्या, शेवटच्या तिच्या स्वतःच्या. गायरानातला तुकडा तिचे कुटुंब दोन पिढ्या कसत आहे. तिने विचारले, "बाळा, एवढा दंड भरला, मग रान आमच्या नावावर का नाही?"

समाजशास्त्रात एम.ए. करूनही या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिथल्या तिथे देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात हा लेख लिहिला आहे. सार्वजनिक जागेवर बसलेल्याकडून भाडे आणि नुकसानभरपाई वसूल करण्याच्या कायद्याला मोठा इतिहास आहे. तो वाचल्यावर आमचे एक मत पक्के झाले: कायद्याच्या व्याख्येत बंगल्यातला आणि झोपडीतला एकच असला, तरी वसुलीच्या वाटेवर दोघांची फारकत होते. बंगल्याची वसुली ही आकड्यांची बाब राहते. तो आकडा लांबवता येतो, कमी करता येतो, माफही करता येतो. झोपडीची वसुली मात्र थेट झोपडीच काढून होते.

हॉटेल कंपनीने लढलेली लढाई

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारपुढे एक अडचण होती. सरकारी इमारतीत मुदत संपूनही बसून राहिलेल्या माणसाला बाहेर काढायचे तर दिवाणी दावा लावावा लागे आणि दावा वर्षानुवर्षे चाले. म्हणून १९५० मध्ये सरकारी जागा निष्कासन कायदा आला. तो टिकला नाही. कलकत्ता, अलाहाबाद आणि पंजाब उच्च न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला. मग १९५८ मध्ये नवा कायदा आला, सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटादार निष्कासन) कायदा.

राज्यांनीही असेच कायदे केले. पंजाबचा कायदा १९५९ चा. चंदीगडमधले एक सरकारी हॉटेल भाड्याने चालवणाऱ्या नॉर्दर्न इंडिया केटरर्स या कंपनीची मुदत संपली आणि सरकारने तिला बाहेर काढायला घेतले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचा मुद्दा साधा होता. सरकारकडे दोन रस्ते आहेत, एक दिवाणी न्यायालयाचा आणि दुसरा झटपट कारवाईचा. कोणाला कोणत्या रस्त्याने न्यायचे हे अधिकारी आपल्या मर्जीने ठरवणार असेल, तर कलम १४ ची समता राहिली कुठे? १९६७ मध्ये न्यायालयाने बहुमताने हा मुद्दा मान्य केला.

सरकारने तोड काढली. १९७१ मध्ये आजचा कायदा केला, तो १६ सप्टेंबर १९५८ पासून लागू असल्याचे मानले आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजाच बंद केला. एकच रस्ता उरला की भेदभावाची तक्रारही उरत नाही. पुढे १९७४ मध्ये मुंबई महानगरपालिकेविरुद्धच्या मगनलाल छगनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने महापालिका कायद्यातली आणि १९५५ च्या मुंबई सरकारी जागा निष्कासन कायद्यातली झटपट कारवाई वैध ठरवली. सार्वजनिक मालमत्ता लवकर मोकळी होणे जनतेच्या हिताचे, म्हणून वेगळी पद्धत चालते, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

या इतिहासात आम्हाला एक गोष्ट खटकते. समतेचे कलम १४ लिहिले गेले ते शतकानुशतके असमानता भोगलेल्या देशात. पण सार्वजनिक जागेच्या कायद्यात त्या कलमाचा पहिला मोठा लाभ मिळाला तो एका हॉटेल कंपनीला. तिच्याकडे वकील होता, करारनामा होता, दिल्लीपर्यंत जायची ऐपत होती. ज्याच्याकडे यातले काहीच नव्हते, त्याचा खटला कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचलाच नाही.

वसुली चालते कशी?

आपल्या तरुणांनी हा भाग नीट समजून घ्यावा, कारण नोटीस आली की वस्तीत पहिली धावपळ त्यांचीच होते.

१९७१ च्या कायद्यात 'अनधिकृत भोगवटा' म्हणजे दोन गोष्टी. परवानगीशिवाय घेतलेला ताबा, आणि परवानगी संपल्यावर किंवा रद्द झाल्यावर चालू ठेवलेला ताबा. या जागांचे निकाल देतो तो इस्टेट ऑफिसर. तो सरकारचा किंवा त्या सार्वजनिक संस्थेचाच अधिकारी असतो. म्हणजे जागा ज्याची, निवाडा बहुधा त्याच्याच माणसाच्या हातात.

कलम ७ खाली तो दोन प्रकारची वसुली करू शकतो. थकलेले भाडे, आणि अनधिकृत भोगवट्याबद्दल नुकसानभरपाई. त्यावर व्याजही लावता येते. भरपाई ठरवताना काय पाहायचे ते १९७१ च्या नियमांत आहे. जागा किती काळ आणि कशासाठी वापरली, जागेचा आकार आणि दर्जा काय, तीच जागा खासगी माणसाला दिली असती तर किती भाडे मिळाले असते, जागेची मोडतोड झाली का. रक्कम भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल होते. माणूस मेला तरी बाकी मरत नाही. त्याच्या मालमत्तेतून ती वारसांकडून घेता येते.

पण याच कायद्यात भोगवटादाराच्या बाजूनेही काही आहे. लेखी नोटीस दिल्याशिवाय, हरकती आणि पुरावे विचारात घेतल्याशिवाय वसुलीचा आदेश काढता येत नाही. आदेशाविरुद्ध जिल्हा न्यायाधीशाकडे अपील आहे, मात्र त्याला मुदत फक्त बारा दिवसांची. तारीख समजून घेण्यात, वकील शोधण्यात आणि पैसे जमवण्यात हे बारा दिवस कसे उडून जातात ते आम्ही पाहिले आहे. १९ व्या दिवशी आलेल्या माणसाला कायदा फार काही देत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने सरकारी निवासस्थानांसाठी रस्ता आणखी आखूड केला. मुदत संपलेल्या निवासस्थानाबाबत तीन दिवसांची नोटीस, आणि आदेशाविरुद्ध कोर्टात गेलेल्याने दरमहा नुकसानभरपाई भरत राहायचे. बंगल्यात अडून बसलेल्यांसाठी ही दुरुस्ती केल्याचे सांगितले गेले. हेतू चांगलाच आहे. पण खालच्या वर्गाच्या क्वार्टरमध्ये राहणारी सफाई कामगाराची विधवाही याच तीन दिवसांत मोजली जाते, हेही लक्षात ठेवू या.

'भोगवटादार' हा शब्द आपल्यासाठी नवा नाही

१९५८ हे वर्ष आपल्या इतिहासात आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षीचा मुंबई कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला आणि महार वतन कायद्याने संपले.

वतन म्हणजे काय होते? गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी, आणि त्या बदल्यात जमिनीचा तुकडा. त्या तुकड्यावरही सरकार जुडी नावाचा सारा घेई. बाबासाहेबांनी या गुलामीवर पहिला कायदेशीर घाव घातला तो १९ मार्च १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडून. ते विधेयक त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद झाली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये सिन्नरला परिषद झाली. वतनावरच्या वाढीव साऱ्याविरुद्ध लोक उभे राहिले. एकीकडे फुकट चाकरी घ्यायची, दुसरीकडे चाकरीच्या जमिनीवर कर वाढवायचा, ही दुहेरी वसुली होती.

वतन संपले ही मुक्तीच. पण त्या कायद्याचे पाचवे कलम वाचा. वतन जमीन आधी सरकारजमा झाली. मग ती वतनदाराला परत मिळणार होती, पण पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरल्यावर. आणि नाही भरली तर? तर तो त्या जमिनीवर अनधिकृतपणे बसला आहे असे मानून त्याला सरसकट बाहेर काढता येईल.

मित्रांनो, यावर थोडे थांबून विचार करा. ज्याच्या बापजाद्यांनी या जमिनीसाठी मेलेली ढोरे ओढली, रात्री-बेरात्री जासूदगिरी केली, तो एका मुदतीनंतर आपल्याच जमिनीवर 'अनधिकृत' ठरला. रक्कम ज्याने भरली तोही पूर्ण मालक झाला नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी अट लागली आणि सातबारावर नोंद झाली 'भोगवटादार वर्ग २'. वर्ग हा शब्द इथे जमिनीचा आहे हे आम्हाला माहीत आहे. तरीही तो वाचताना जुनी उतरंड आठवल्याशिवाय राहत नाही.

शतकांच्या वेठीचे नुकसान कोणी मोजले? त्याची भरपाई कोणत्या इस्टेट ऑफिसरने ठरवली? सरकारचे नुकसान मोजायला नियम आहेत. आपले नुकसान मोजायला एकही नाही.

गायरान: दंड भरत भरत हक्क

वतनाची जमीन मूठभर होती, भूमिहीन अफाट होते. म्हणून १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला. लाखो लोक तुरुंगात गेले. मागणी होती पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनांना द्या. सत्याग्रह संपल्यावर लोक गप्प बसले नाहीत. मराठवाड्यात, विदर्भात ठिकठिकाणी दलित, आदिवासी, भटके-विमुक्त गायरानात नांगर घेऊन उतरले. दगड वेचले, बांध घातले, जोंधळा पेरला.

इथे १९७१ चा केंद्रीय कायदा लागत नाही. गायरानाला लागतो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ५०. अतिक्रमण काढायचे, जितका काळ जमीन वापरली तितक्या काळाचा आकार घ्यायचा आणि वर दंड. अतिक्रमणाची नोंद होते ती तलाठ्याच्या गाव नमुना एक-ई मध्ये. कलम ५१ मात्र दुसरा दरवाजा उघडते. रक्कम भरून घेऊन अतिक्रमण नियमित करण्याचा अधिकार ते जिल्हाधिकाऱ्याला देते.

चळवळीच्या रेट्याने सरकारला हा दरवाजा उघडावा लागला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची, हे उघडच आहे. आता प्रश्न आला पुराव्याचा. १९९० च्या आधीपासून जमीन कसत होतो हे सिद्ध कसे करायचे? सातबारा नाही. शेजारचा सवर्ण शेतकरी साक्ष देणार नाही. मग पुढे आली एक-ई ची नोंद, जुन्या खटल्याचा कागद आणि दंडाची पावती.

त्या आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. दंड भरल्याने जमीन नावावर होत नाही. दंड ही किंमत नाही, कायद्याच्या भाषेत ती शिक्षा आहे. पण ती पावती म्हणजे सरकारने स्वतःच्या शिक्क्यानिशी दिलेली कबुली आहे, की अमुक साली हे कुटुंब या जमिनीवर होते. गुन्हा म्हणून केलेली नोंद हक्काचा पुरावा होऊ शकते. सासऱ्याची, नवऱ्याची, स्वतःची पावती तिने कॅरीबॅगमध्ये जपली, ती अडाणीपणाने नव्हे. आम्हा पदवीधरांना जे उशिरा कळले ते तिला आधीच कळले होते.

उरलेले अर्धे उत्तर कडू आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. मूळ खटला होता पतियाळाजवळच्या एका गावच्या तळ्याचा. तळे बुजवून घरे बांधली गेली आणि जमिनीची किंमत भरून घेऊन ती नियमित करण्याचा घाट घातला गेला. न्यायालयाने सांगितले, पैसे भरले म्हणून गावाची जमीन मिळणार नाही. हा निकाल चुकीचा नाही. गावातला पैसेवाला याच मार्गाने गायराने गिळतो. त्याच निकालात अपवादही लिहिला आहे: सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल तिथे, आणि शाळा-दवाखान्यासारखी सोय असेल तिथे नियमितीकरण होऊ शकते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि गावोगावी नोटिसा निघाल्या. तेव्हा निकालातला आदेश सर्वांना पाठ होता. अपवाद वाचून दाखवणारे फार थोडे होते.

आणि बंगले?

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. उत्तर प्रदेशात माजी मुख्यमंत्र्यांना हयातभर सरकारी बंगले देण्याचा नियम १९९७ मध्ये झाला. लोकप्रहरी या संस्थेच्या याचिकेवर १ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. दोन महिन्यांत बंगले सोडा आणि अनधिकृत काळाचे योग्य भाडे वसूल करा, असे सांगितले. विधानसभेने काय केले? कायदाच बदलून बंगले पुन्हा वैध केले. ७ मे २०१८ रोजी न्यायालयाला ती दुरुस्तीही रद्द करावी लागली. या बंगल्यांच्या यादीत सर्व पक्षांचे नेते होते, आदरणीय मायावतीजीही होत्या. आपल्या चळवळीचा माणूस असला की तराजू झुकवायचा, ही आमची रीत नाही.

उत्तराखंडात तर वसुलीचाच खेळ झाला. ३ मे २०१९ रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने माजी मुख्यमंत्र्यांनी बंगल्यांचे बाजारभावाने भाडे भरावे असा आदेश दिला. पाच जणांची मिळून ही रक्कम सुमारे २ कोटी ८५ लाख होती. सरकारने आधी अध्यादेश आणला, मग कायदा. बाजारभावाऐवजी सरकारी दराच्या हिशेबाने हे भाडे हलके करण्याची ती सोय होती. जून २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

आपल्या मुंबईतही पाहा. महालक्ष्मी रेसकोर्सच्या दोनशेहून अधिक एकर सार्वजनिक जमिनीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. घोडे धावतच राहिले. २०२४ मध्ये सरकारने बरीचशी जमीन उद्यानासाठी ठेवून ९१ एकरांचा पट्टा पुन्हा द्यायचे ठरवले. मधल्या दहा-अकरा वर्षांत तिथे वाटाघाटी झाल्या, बैठका झाल्या, आराखडे झाले. बुलडोझर गेला नाही.

बुलडोझर गेला होता तो १९८१ च्या पावसाळ्यात, त्याच मुंबईच्या फुटपाथवर. त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ही मोठी गोष्ट. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. त्या फुटपाथवर राहणारे कोण होते? बहुसंख्य लोक दुष्काळाने आणि भूमिहीनतेने गाव सोडून आलेले. गावात ज्यांना जमीन मिळाली नाही, त्यांनाच शहरात जागा मिळाली नाही.

बाबासाहेबांची भूमिका काय सांगते?

यावर कोणी म्हणेल, मग सार्वजनिक जागा कोणीही बळकवावी का? आमचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिले. त्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी, ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, कसणाऱ्यांनी उत्पन्नातून राज्याचे देणे द्यावे, अशी योजना आहे. म्हणजे राज्याला भाडे देण्याला त्यांचा विरोध नव्हता. त्यांच्या योजनेत जमीनदार नव्हता, कूळ नव्हते आणि भूमिहीनही नव्हता. आजच्या राज्याने भाडे घेण्याचा अधिकार उचलला, जमीन देण्याचे कर्तव्य सोडून दिले.

आणि बंगल्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगू. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेबांनी सरकारी निवासस्थान सोडले. ते २६ अलिपूर रोड इथल्या खासगी मालकीच्या घरात राहायला गेले आणि त्याच घरात त्यांचे महापरिनिर्वाण झाले. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला सरकारी घर सोडावेसे वाटले. हयातभर बंगला मागणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

आता काय करायचे?

भाषणे पुष्कळ झाली, म्हणून कामाचेच बोलतो. नोटीस आली की आधी पाहा ती कोणत्या कायद्याखाली आहे. रेल्वे, बंदर, केंद्र सरकार किंवा केंद्राच्या कंपनीची जागा असेल तर १९७१ चा कायदा. राज्य सरकारची इमारत असेल तर १९५५ चा. महापालिकेची असेल तर तिचा स्वतःचा कायदा. गायरान असेल तर जमीन महसूल संहिता. चुकीच्या कायद्याखाली दिलेले उत्तर वाया जाते. नोटीस मिळाल्याची तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा. उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या. भरपाईची रक्कम लावली असेल तर हिशेब मागा. कोणत्या दराने, किती चौरस फुटांची, कोणत्या तारखेपासून? आणि वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाच्या पावत्या, एक-ई चे उतारे, जुने समन्स यांची एक फाईल करा. झेरॉक्स वेगळी, मूळ कागद वेगळे.

त्या आजीच्या पावत्यांची आम्ही गावातच झेरॉक्स काढली. काही कागद इतके जीर्ण होते की यंत्रात घालायची भीती वाटत होती. एकेक पावती काचेवर ठेवून काढावी लागली. तिने मूळ पावत्या मोजून परत घेतल्या, पुन्हा कॅरीबॅगमध्ये गुंडाळल्या आणि आम्हाला म्हणाली, "पुढच्या वेळी येशील तेव्हा उत्तर घेऊन ये." आजी, उत्तर घेऊन येत आहोत. अर्धे कागदावर आहे. उरलेले अर्धे तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या एकजुटीने मिळवायचे आहे.

जय भीम!